पट्टी झाका, पट बघा: गुकेश–डिंग चौदाव्या डावाची कॉमेंट्री

बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या गुकेश–डिंग लिरेन चौदाव्या डावाची कॉमेंट्री यूट्यूबवर अजून आहे. इंग्रजीत भरपूर, हिंदीतही. पैसे पडत नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळेत, वाचनालयात किंवा मंडळाच्या खोलीत मुलांना एकच डाव दाखवायचा झाला तर हाच दाखवावा. पण चित्रफीत लावली आणि खुर्च्या मांडल्या, एवढ्यावर सोडलं तर चार तासांतलं फार थोडं हाती लागतं. शेवटच्या पाच मिनिटांचा गोंधळ तेवढा लक्षात राहतो, आणि या डावातलं सोनं नेमकं त्या गोंधळाखाली गाडलं गेलंय.

आधी परिस्थिती. तेरा डावांनंतर गुण साडेसहा–साडेसहा. हा डाव जिंकेल तो जगज्जेता, बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेक. डिंग पांढऱ्या मोहऱ्यांनी. पहिल्या ४० चालींना प्रत्येकी १२० मिनिटं, पुढच्या डावाला आणखी ३० मिनिटं, आणि ४१व्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद जमा. म्हणजे ४०व्या चालीपर्यंत घड्याळात एक सेकंदही वाढत नाही. हा नियम माहीत नसेल तर तिसाव्या चालीनंतर खेळाडू घड्याळाकडे एवढे का बघतात ते कळत नाही. कॉमेंट्रीवाले तो सुरुवातीला एकदाच सांगतात आणि उशिरा येणारा प्रेक्षक तसाच राहतो. दाखवणाऱ्याने तो फळ्यावर लिहून ठेवावा.

पहिल्या वीस चालींची कॉमेंट्री सगळीकडेच चांगली आहे. घोडा एफ३, प्यादं जी३, उंट जी२ (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा) अशी शांत मांडणी डिंगने केली आणि गुकेशने मधल्या घरांवर प्यादी पुढे काढली. इथे ग्रँडमास्टर मंडळी खरंच शिकवतात: कुठली मांडणी उलटी होऊन आली, कोणी तयारी केली असेल, कोणतं मोहरं कुठे जायला बघतंय. वेळ भरपूर असतो, घाई नसते. त्रास एकच, पण मोठा. पडद्यावर दोन पट असतात. एक खरा, दुसरा कॉमेंट्रीवाल्यांचा, ज्यावर ते पुढच्या शक्यता खेळून दाखवतात. पाच-सहा चाली पुढे जाऊन ते बोलत राहतात आणि नुकता आलेला माणूस तोच खरा डाव समजतो. लाइव्ह चॅटमध्ये ‘वजीर गेला का?’ असे प्रश्न सारखे येतात ते यामुळेच. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या पटाशेजारी दोघांची घड्याळं चालू असतात आणि शेवटच्या चालीची दोन घरं रंगवलेली असतात. चालू स्पर्धा बघताना फोनवर लीचेस या बुद्धिबळाच्या मोफत संकेतस्थळाचं थेट प्रक्षेपण उघडून ठेवलं तर हा घोळच मिटतो. त्यात फक्त चाली येतात, डेटा नावापुरता लागतो, जाहिरात नाही.

आता चाल २९ ते ३२. डिंगने प्यादं बी४ ला ढकललं, वजीर वजिराला गेला, हत्तींची एक जोडी गेली. उरलं काय? दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट, दोन्ही उंट पांढऱ्या घरांचे. पांढऱ्याची दोन प्यादी, काळ्याची तीन, सगळी राजाच्या बाजूला. एक प्यादं कमी असूनही अशी स्थिती सांभाळता येते, कारण सगळी प्यादी एकाच बाजूला असली की बचाव करणाऱ्या राजाला दोन टोकांना धावावं लागत नाही. पण सांभाळणं वेगळं आणि आरामात सांभाळणं वेगळं. गुकेशला हरण्याची जवळजवळ भीती नव्हती. तो तासन् तास दाबत राहू शकत होता. डिंगला मात्र प्रत्येक चाल नीट खेळायची होती, आणि त्याच्या घड्याळात गुकेशपेक्षा कितीतरी कमी वेळ होता.

इथे बहुतेक कॉमेंट्री ढिली पडते. ‘बरोबरीच होणार’ असं एकदा ठरलं की बोलणं टायब्रेकवर जातं आणि पट मागे राहतो. चॅटमध्येही तेच: ‘डाव संपला’, ‘उद्या भेटू’. या टप्प्यावर खरी कॉमेंट्री करायची तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, काळा राजा कुठे निघालाय. दोन, पांढरा उंट कोणत्या घरी सुरक्षित आहे आणि कोणत्या घरी कोंडला जाऊ शकतो. तीन, कोणत्या मोहऱ्यांची अदलाबदल चालेल आणि कोणती चालणार नाही. ज्या कॉमेंट्रीत हे तिन्ही प्रश्न चालू राहतात तिला पूर्ण गुण. ज्यांनी हा भाग गप्पांत घालवला त्यांचा शेवटचा आरडाओरडा प्रेक्षकाला आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

४६व्या चालीपर्यंत आणखी प्यादी कापली गेली. पांढऱ्याचं एकच प्यादं, जी३ वर. काळ्याची दोन, एफ५ आणि जी४ वर. ५३व्या चालीला डिंगने उंट ए८ ला, अगदी कोपऱ्यात नेला. चित्रफीत इथे थांबवा. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण असतो: ए८ वरून बी७, सी६, डी५ आणि पुढे खाली. त्या कर्णावर वाट अडली की उंटाला दुसरीकडे निघायला घरच नाही. मग गुकेशने राजा एफ६ वर आणला आणि ५४व्या चालीला ई५ वर. ई५ वरचा राजा डी५ या घराला आधार देतो. कोपऱ्यातला उंट आणि आधार असलेलं डी५, या दोन गोष्टी एकत्र आल्या. आता फक्त हत्ती पटावरून जायचे बाकी होते.

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर ठेवला, समोरच्या हत्तीला अदलाबदलीचं आमंत्रण दिल्यासारखा. हत्ती आडवा ए४ ला परत गेला असता तर डाव चालू राहिला असता आणि बरोबरीच्या अंगानेच राहिला असता. गुकेशने हत्ती मारला, राजाने उलट मारला, आणि काळा उंट डी५ वर. पांढऱ्या उंटाने मारावं तर काळा राजा परत मारतो. न मारावं तर उंट तसाच जातो. उंट बी७ वर असता तर ए६ किंवा सी८ ला निसटला असता आणि बहुधा ही चूक चूकच ठरली नसती. एका घराचा फरक. हे एक वाक्य ज्या कॉमेंट्रीत आलं ती कॉमेंट्री ऐकण्यासारखी. ‘अरे देवा’ दहा वेळा म्हणणं कोणालाही जमतं.

आता पट्टीबद्दल, कारण प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचं मूळ तिच्यात आहे. पटाशेजारची उभी काळी-पांढरी पट्टी, जिला इव्हॅल बार म्हणतात, ती संगणकाचं मत दाखवते. एक हा आकडा म्हणजे साधारण एका प्याद्याएवढा फायदा, शून्य म्हणजे बरोबरी. एक प्यादं जास्त असूनही या शेवटच्या भागात पट्टी मध्याजवळ राहते, कारण संगणकाला बचाव दिसतो. माणसाला तो बचाव शोधून काढायला किती कष्ट पडतात हे पट्टी दाखवत नाही. हत्ती एफ२ वर पडला आणि पट्टी एकदम काळी झाली. चॅट उसळलं. गंमत बघा, पटावर बसलेल्या गुकेशला ती चूक लगेच दिसली नव्हती. आपण आधी हत्ती वाचवणारी दुसरीच चाल खेळणार होतो, हे त्यानेच पत्रकार परिषदेत सांगितलं. डिंगलाही आपली चूक समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळली. म्हणजे जगज्जेतेपदासाठी लढणाऱ्या दोन खेळाडूंना जे काही क्षण दिसलं नाही, ते घरात बसलेल्या लाखोंना एका रंगाने सांगितलं. मग त्यातल्या पुष्कळांनी लिहिलं, ‘इतकं सोपं कसं दिसलं नाही?’

या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला हवं, कारण आपल्याकडची मुलंही तीच उचलतात. पट्टी झाकून हीच स्थिती मांडा आणि शाळेच्या संघातल्या चांगल्या मुलाला विचारा, एफ२ चालेल का? बहुतेक मुलं ‘चालेल’ म्हणतात. हत्तींची अदलाबदल ही एरवी बचावाची नेहमीची वाट आहे. चूक हत्तीची नाही, कोपऱ्यातल्या उंटाची आहे, आणि ती दोन चाली आधीची आहे. माजी जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक यानेही या डावाच्या दर्जाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. पण क्रामनिकच २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रामविरुद्ध एका चालीतली मात पाहायची विसरला होता. २०१४ मध्ये सोचीला सहाव्या डावात कार्लसनने राजाची घोडचूक केली आणि आनंदला ती दिसलीच नाही, प्याद्याची चाल करून तो पुढे गेला. जगज्जेतेपदाच्या लढतीत थकलेला मेंदू असाच चुकतो. ज्या कॉमेंट्रीत ही जुनी उदाहरणं लगेच समोर आली, तिथला चॅटही थोडा सभ्य झाला. प्रेक्षकांचा सूर कॉमेंट्री करणाऱ्याच्या हातात असतो, हे त्यावरून दिसतं.

अजून एक बारीक पण सुंदर गोष्ट, जी फार कमी ठिकाणी नीट सांगितली जाते. हत्ती पटावर असताना एकूण नऊ मोहरी होती: पांढऱ्याचा राजा, हत्ती, उंट, प्यादं, काळ्याचा राजा, हत्ती, उंट, दोन प्यादी. हत्ती गेले आणि सात उरली. सात किंवा कमी मोहऱ्यांच्या सगळ्या स्थिती संगणकांनी शेवटपर्यंत सोडवून ठेवल्या आहेत, त्याला टेबलबेस म्हणतात. त्यामुळे ५५व्या चालीआधी संगणकाचं म्हणणं अंदाज होता. ५६व्या चालीनंतर तो अंदाज राहिला नाही, निकाल झाला. कॉमेंट्रीवाले अचानक एवढ्या ठामपणे ‘संपलं’ म्हणायला लागतात, त्यामागे हेही आहे. मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

भाषेकडे येऊ. इंग्रजी कॉमेंट्रीत रूक, बिशप, नाइट ऐकू येतं आणि घरी दोन बोटांनी हत्ती-उंट हलवत खेळ शिकलेल्या माणसाला एक पायरी जास्त चढावी लागते. आपल्या भागात ही अडचण सोडवायला सोपी आहे, कारण इथल्या दोन्ही भाषा एकच चित्र बघतात. मराठीत हत्ती, कानडीत आने. आपला उंट, त्यांचा ओंटे. घोडा आणि कुदुरे. आपला वजीर, त्यांचा मंत्री. बेळगावच्या टिळकवाडीतल्या खोलीत मराठी आणि कानडी शाळेतली मुलं शेजारी बसून हा डाव बघत असतील तर समजावणाऱ्याने ‘कोपऱ्यातला उंट’ म्हटलं की दोन्हीकडे एकाच वेळी कळतं. बिशप म्हटलं तर दोघांनाही भाषांतर करावं लागतं. म्हणून आवाज थोडा कमी करून शेजारी उभं राहून मराठीत सांगणारा एक माणूस असावा. जुन्या देशी पद्धतीने खेळणारे आजोबा बसले असतील तर एवढंच आधी सांगा: इथे प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. पुढचं ते स्वतः लावून घेतात.

दाखवण्याची तयारी अशी. ४३ इंची टीव्ही असेल तर वीस-पंचवीस जणांना पुरतो. पट्टी बहुधा पटाच्या डाव्या कडेला असते. चार सेंटीमीटर रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी कापून कागदी चिकटपट्टीने पडद्याच्या चौकटीला लावा, काचेला नको. चॅट बंद करा. थेट प्रक्षेपणात वेगवेगळ्या वाहिन्या काही सेकंद मागे-पुढे चालतात. पुढे असलेल्या वाहिनीवरचा माणूस चॅटमध्ये चाल लिहून टाकतो आणि तुमच्या पडद्यावर ती पडायच्या आधीच कळते. काही स्पर्धांत फसवणूक टाळण्यासाठी चाली मुद्दाम पंधरा मिनिटं उशिरा दाखवतात, तेव्हा घड्याळाचा हिशेब आणखी चुकतो. डेटा: ४८० पिक्सेलवर तासाला साधारण अर्धा जीबी, म्हणजे पूर्ण डावाला दोन जीबीच्या आसपास. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चालू डाव बघितला तर नेमका शेवट अडकतो. म्हणून रेकॉर्डिंग आदल्या रात्री उतरवून ठेवावं. गावात दुपारी वीज जाते, तेव्हा टीव्हीऐवजी लॅपटॉप आणि भिंतीवर चुंबकी पट. चुंबकी पट तर वीज असली तरी हवाच. पडद्यावरचा पट नजरेत भरतो, हातात येत नाही.

चार तास सलग कोणी बसत नाही आणि बसवूही नये. पहिल्या वीस चाली सव्वापट वेगाने चालतात. २० ते ३२ नेहमीच्या वेगाने. ३३ ते ५२ मध्ये तीनदा थांबून ‘काळा राजा कुठे निघालाय?’ एवढाच प्रश्न. ५३ पासून प्रत्येक चालीला थांबा, चुंबकी पटावर मांडा, उत्तरं येऊ द्या, मग पुढे. एका बैठकीत दीड तास पुरतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर सुरुवातीच्या समजावणीला साडेचार, मधल्या भागाला अडीच, ५५व्या चालीनंतरच्या पहिल्या मिनिटाला दोन, कारण त्या मिनिटात पट कोणी बघतच नाही. डाव संपल्यानंतरच्या भागाला पूर्ण पाच. डिंग उठून गेला, गुकेश डोळे पुसत बसला आणि मग त्याने सगळी मोहरी एकेक करून आपापल्या जागी मांडली. अठरा वर्षांचा जगज्जेता हत्ती कोपऱ्यात ठेवतोय, घोडा त्याच्या शेजारी. जे त्या वेळी गप्प राहिले त्यांनी खेळ ओळखला होता.

राहिला प्रेक्षकांचा सगळ्यात रास्त प्रश्न: ५८व्या चालीला डिंगने डाव का सोडला, एक प्यादं तर होतं? इथे कॉमेंट्री बहुतेक अर्धवट सोडते, म्हणून पटावर मांडा. पांढरा राजा ई३, प्यादं जी३. काळा राजा ई५, प्यादी एफ५, जी४. पांढऱ्याची पाळी. राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि ज्याची पाळी तोच वाट सोडणार. यालाच ऑपोझिशन म्हणतात. पांढरा राजा डी३ ला गेला तर काळ्याचं प्यादं एफ४. प्यादं प्याद्याने मारलं, राजाने परत मारलं, पांढरा ई२, काळा जी३, पांढरा एफ१, काळा एच२, आणि प्याद्याचा वजीर कोणी अडवू शकत नाही. पांढरा राजा एफ२ ला गेला तर मुलं हमखास ई४ खेळतात. ते चुकतं. पांढरा ई२ ला समोर येतो आणि आता पाळी काळ्यावर येते. त्यावर घाईने प्यादं एफ४ केलं तर मारामारीनंतर काळा राजा एफ४, पांढरा एफ२, आणि डाव बरोबरीत: काळ्याने प्यादं जी३ ला ढकलून शह दिला की पांढरा जी२, काळा जी४, पांढरा सरळ मागे जी१, आणि शेवटी स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण खेळायला चालही नाही. म्हणून एफ२ ला उत्तर डी४. पांढरा ई२, तेव्हाच काळा ई४. आता पाळी पुन्हा पांढऱ्याची. डी२ ला गेला तर काळा एफ३ वर येऊन जी३ चं प्यादं घेतो. एफ२ ला गेला तर काळा डी३, मग ई३, ई२, एफ३ असा वळसा घालतो आणि तेच प्यादं खातो. एकाने पांढरा घ्यावा, दुसऱ्याने काळा, आणि डी४ आधी सांगू नये.